जंगल आडवे येते ते माडियाच्याच वाटेला



गडचिरोलीचा विषय निघाला की मुंबई-नागपुरात ठरलेले उत्तर मिळते : जंगल दाट, नद्या मोठ्या, वस्ती विरळ, तिथे विकास पोचणार कसा? १९८२ साली चंद्रपुरातून हा जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून हेच ऐकतो आहोत.

पर्लकोटा नदी फुगली की भामरागडचा संपर्क तुटतो, बाळंतिणीला खाटेवर घालून आणावे लागते, तेव्हा दोष भूगोलाचा. मग एटापल्लीतल्या सुरजागड पहाडाला कोणता भूगोल लागू होता? तिथे २००७ साली सुमारे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा दिला गेला. २०२३ मध्ये वर्षाच्या उत्खननाची मर्यादा ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर नेली. जंगल तेच, चढ तोच; लोहखनिजाचे ट्रक मात्र अडत नाहीत. त्या पहाडावर ठाकूरदेव आहे, याची दखल कुठल्या फायलीत?

सिरोंच्यात गोदावरीवर मेडिगड्डा बॅरेज झाले. पाणी तेलंगणाला, बुडालेली शेते आमची. नदीही तेव्हा अडचण ठरली नाही.

जिल्ह्याच्या आतही पाहा. वैनगंगेच्या काठाने वडसा-आरमोरीकडे धानाची शेती, बाजारपेठ, रेल्वे. पूर्वेला एटापल्ली-भामरागडच्या डोंगरांत माडिया. केंद्र सरकारच्याच यादीत माडिया गोंड हा 'विशेष असुरक्षित' आदिवासी समूह आहे. १९८४ साली दांडेकर समितीने राज्यातला विकासाचा ३,१८६ कोटींचा अनुशेष मोजला, तो जिल्हा हे एकक धरून. जिल्ह्याच्या सरासरीत टोला दिसत नाही. विदर्भावर अन्याय झालाच. पण त्या अन्यायाची भाषणे ठोकणाऱ्या आमच्याच पुढाऱ्यांनी भामरागडचा वेगळा हिशेब कधी मागितला?

आणि आदिवासींना विकास नको असतो, हे तर सरळ खोटे आहे. धानोऱ्यातल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळवला. २००६ च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपज म्हणून स्पष्ट लिहिलेला आहे. तरी वनखात्याने वाहतूक परवान्यासाठी गावाला झुलवले. २०११ मध्ये केंद्रीय मंत्री गावात आले तेव्हा कुठे परवान्यांची पुस्तिका ग्रामसभेच्या हाती पडली. बांबू तोच, तोडणारे हातही तेच. विकण्याचा अधिकार आला आणि पैसा गावात राहिला. गरिबी जंगलाने आणली असती, तर मेंढ्याचे जंगल काय वेगळे होते?

तोडगट्ट्याला लोक खाणींविरोधात आंदोलनाला बसले तर म्हणे, यांना रस्ता नको. दवाखान्याचा रस्ता कोण नाकारतो? खाणीसाठी रुंद होणारा रस्ता त्यांनी नाकारला, आणि अशा कामात ग्रामसभेला विचारले पाहिजे, असे पेसा व वनहक्क कायदाच सांगतात.

खाणबाधितांसाठी २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. सुरजागडसारख्या जुन्या पट्ट्यांवर स्वामित्वधनाच्या ३० टक्के रक्कम त्यात भरावी लागते. खाण जितकी वाढेल तितका हा निधी वाढेल, आणि तो बाधित गावांचा आहे. येत्या ग्रामसभेत ठराव घ्या : एटापल्ली-भामरागडच्या कोणत्या गावात किती रुपये खर्च झाले, याची गाववार यादी द्या, पावसाळ्यात तुटणाऱ्या टोल्यांचे पूल आणि माडिया बोलणारे शिक्षक यांवर आधी खर्च करा. ठरावावर सह्या-अंगठे घ्या, जिल्हाधिकारी कार्यालयात द्या आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.