भत्ता मोडायला सहा दिवसांचे मस्टर



पऱ्हाटीची शेवटची वेचणी झाली, ज्वारी खळ्यावर आली, की कोरडवाहू माणसाचे हात मृगापर्यंत रिकामे. पाच एकर मुरमाड रानाचा धनीही फाल्गुनात मजूरच असतो. तरी हमीचे काम हा ‘मजुरांचा प्रश्न’ म्हणून बाजूला सारणारे पुढारी आपल्यातही आहेत. त्यांच्या विहिरीला पाणी असावे.

हमीचा कायदा आधी महाराष्ट्राने केला. वि. स. पागे यांची कल्पना, 1972 च्या दुष्काळाचा चटका, 1977 चा कायदा आणि 26 जानेवारी 1979 पासून अंमल. काम दिले नाही तर बेकारी भत्ता, दिवसाला निदान एक रुपया! एवढ्या दंडाने कोणते सरकार घाबरणार? केंद्राच्या 2005 च्या कायद्याने कलमाला धार आणली. मागणीनंतर पंधरा दिवसांत काम नाही, तर पहिले तीस दिवस मजुरीचा निदान चौथा हिस्सा, पुढे निदान निम्मा. मजुरी केंद्राने द्यायची, भत्ता मात्र राज्याच्या तिजोरीतून. मेख इथेच आहे.

भत्त्याची वेळ आली की तालुक्याचे कार्यालय जागे होते आणि सहा दिवसांचे मस्टर निघते. कामावर हजर व्हा असे सांगितले की त्या मागणीवरचा भत्ता थांबला. गेला नाहीत तर तीन महिने भत्त्याचा हक्क गेला. सहा दिवस माती उपसून घरी आलात की नवा अर्ज, नवे पंधरा दिवस.

हिशेब करा. 2025-26 साठी महाराष्ट्राचा दर 312 रुपये. चौथा हिस्सा 78. तीस दिवसांचा भत्ता 2340 रुपये. सहा दिवसांची पूर्ण मजुरी 1872. तीही मापात बसली तर. मुरमात कुदळ चालत नाही आणि माप घेणारा उन्हात थांबत नाही. म्हणजे घाम गाळून घरात पैसा कमी आला, आणि कागदावर मात्र ‘रोजगार दिला’! आम्हाला फुकटचा भत्ता नको, पुरते काम हवे. पण भत्त्याची धास्ती नसेल तर पुरते काम निघतच नाही, हे आम्ही गावोगाव पाहिले आहे.

काही भाऊ म्हणतात, हमीच्या कामामुळे वेचणीला माणूस मिळत नाही. वेचणी दसरा-दिवाळी ते संक्रांत. हमीच्या कामाला रांग लागते ती त्यानंतर. वेचणीची मजुरी परवडत नाही याचे कारण मजूर नव्हे, कापसाचा भाव आहे.

डिसेंबर 2025 मध्ये संसदेने 2005 च्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. दिवस 100 चे 125 केले, पण पेरणी-काढणीच्या काळात मिळून 60 दिवस कामे बंद ठेवायची तरतूद घातली आणि मजुरीचा 40 टक्के भार राज्यावर टाकला. आता काम काढतानाही राज्याचा हात आखडणार. बंदीची तरतूद म्हणे शेतकऱ्यांसाठी! आम्ही कापसाला भाव मागत होतो. शेजाऱ्याला उपाशी ठेवून आमची वेचणी स्वस्त करा, असे आम्ही कोणत्या सभेत म्हटले?

भत्त्याचे कलम नव्या कायद्यातही आहे. ते वापरायचे तर तोंडी मागणी सोडा. ‘काम निघाले की सांगतो’ ही पोच नव्हे. अर्ज सलग चौदा दिवसांचा करा, तारखेची पोच घ्या. सहा दिवसांचे मस्टर निघाले तर नाकारू नका, पण शेवटच्या दिवशीच उरलेल्या आठ दिवसांची लेखी मागणी द्या. जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने अशा पोचांचा गठ्ठा आणावा. ज्यांना पोच नाकारली त्यांची नावे व तारखा वेगळ्या कागदावर लिहून आणाव्यात.