मुकुंदवाडीच्या पाण्याचा हिशेब कोण मांडणार?

साप्ताहिक स्तंभ : पाणी आणि पैसा

जालना रस्त्याने सिडको ओलांडून चिकलठाण्याकडे निघाले, की मुकुंदवाडी लागते. एकेकाळचे गाव, आता छत्रपती संभाजीनगर शहराचा गजबजलेला भाग आणि रेल्वेचे छोटे स्थानक. जुलै २०१९ मध्ये रॉयटर्सने या स्थानकाची बातमी जगभर पोहोचवली. वस्तीतली लहान मुले रिकामी भांडी घेऊन गाडीत चढत, मुख्य स्थानकावर पाणी भरत आणि भरलेली भांडी सांभाळत घरी परतत. जाऊन-येऊन १४ किलोमीटर. त्याच बातमीत खासगी टँकरचा दरही होता : उन्हाळ्यात ५,००० लिटरला ३,००० रुपयांपर्यंत.

म्हणजे लिटरला ६० पैसे. शहरातल्या अर्ध्या इंची घरगुती नळजोडणीची पाणीपट्टी २०२२ मध्ये निम्म्यावर आणली गेली. त्याआधी ती वर्षाला ४,०५० रुपये, म्हणजे दिवसाला ११ रुपयांच्या आसपास होती. तेवढ्या पैशांत टँकरचे जेमतेम १८ लिटर पाणी मिळत असे. मोठा हंडा भरला, की संपले. नळाला कित्येक दिवसांआड पाणी येत असे हे धरले, तरी ही तफावत झाकली जात नाही. गाडीने पाणी आणणाऱ्या मुलांनी जो भाव मोजला, तो तर रुपयांत नव्हताच. तो त्यांच्या अभ्यासाच्या आणि खेळण्याच्या वेळेतून वसूल होत होता.

एकाच शहरात पाण्याचे असे तीन भाव. ते एका तक्त्यात मांडणे, त्यांची कारणे शोधणे आणि कोणता नियम बदलला तर कोणाचे ओझे किती उतरेल हे सांगणे, हे काम करणारी एक विद्याशाखा आहे. तिचे नाव पर्यावरण आणि नैसर्गिक संसाधनांचे अर्थशास्त्र. खनिजासारखी संपणारी संपत्ती कोणत्या वेगाने वापरावी, याचे गणित हॅरल्ड हॉटेलिंग यांनी १९३१ मध्ये मांडले. पुढे मासे, जंगल, हवा आणि भूजल हेही या शाखेचे विषय झाले. मराठवाड्यातल्या हुशार मुलांपैकी फार थोडी या वाटेला जातात, आणि जी जातात त्यांना या वाटेवर टिकवून धरणारी व्यवस्था आपण उभी केलेली नाही.

खरे तर महाराष्ट्राला हा वारसा फार आधी मिळाला आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी १९४८ मध्ये गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांवरचा सर्वेक्षण-अहवाल प्रसिद्ध केला. कालव्यावर सरकारने किती खर्च केला आणि पाणीपट्टीतून किती वसूल झाले, एवढ्यावर तो थांबला नाही. पाटाचे पाणी आले की शेतकऱ्याबरोबर मजूर, व्यापारी आणि आसपासच्या बाजारपेठेच्या हाती काय पडते, असे प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभ त्याने मोजायला घेतले. पाण्याचा लाभ सरकारी खतावणीच्या बाहेरही शोधायचा असतो, हे त्यातून दिसले.

लक्षात घेण्याची गोष्ट अशी, की त्याच गोदावरी-प्रवरेच्या खाली पैठणचे जायकवाडी धरण आहे. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी त्याची पायाभरणी केली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झाले. मुकुंदवाडीसकट सारे शहर मुख्यतः याच धरणाच्या नाथसागर जलाशयावर तहान भागवते. वरच्या धरणांतून खाली पाणी सोडायचे की नाही, यावर नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यात वर्षानुवर्षे वाद आहे. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व घातले. मेंढेगिरी समितीने १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरून पाणी सोडण्याचे कोष्टक दिले. या वादात दलघमी (दशलक्ष घनमीटर) आणि टीएमसीचे (अब्ज घनफूट) आकडे भरपूर ऐकू येतात. पण तेच पाणी वरच्या ऊस-द्राक्षाला मिळाले तर किती उत्पन्न आणि किती रोजगार देते, खाली पिण्यासाठी आणि कारखान्यांसाठी आले तर किती, आणि नदीपात्रात मुरणाऱ्या पाण्याची किंमत कोणाच्या नावे टाकायची, हे प्रश्न चर्चेच्या कडेलाच राहतात. १९४८ ची पद्धत हाताशी असताना आपण ती पुढे नेली नाही.

निसर्गाचा भाव चुकला की काय होते, याचे उदाहरण धनंजयरावांच्याच घरातून मिळाले. त्यांचे चिरंजीव, परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात कर्नाटकातल्या बांबूचा अभ्यास केला. दांडेलीच्या कागद गिरणीला सरकार टनामागे दीड रुपया दराने बांबू देत होते. टोपल्या-सुपे विणणाऱ्या बुरुडांना तोच बांबू बाजारातून कित्येक पटींनी महाग घ्यावा लागे. जवळजवळ फुकट मिळणाऱ्या बांबूची निगा गिरणीने का राखावी? बांबूची बने उजाड होत गेली. निसर्गाचा असा हिशेब मांडणारे दुसरे नाव पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ विजय परांजपे यांचे. त्यांनी १९८८ मध्ये टिहरी आणि १९९० मध्ये नर्मदेवरच्या मोठ्या धरणांचा विस्तारित लाभ-खर्च हिशेब पुस्तकरूपाने मांडला. बुडणारे जंगल, विस्थापित होणारी माणसे आणि गाळाने घटणारे धरणाचे आयुष्य यांना त्या हिशेबात जागा मिळाली. प्राध्यापकाच्या टेबलावरून निघालेले हे काम देशाच्या सार्वजनिक वादात उतरले.

भूजलाबाबत आणखी एक नाव मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांना माहीत असायला हवे : एलिनॉर ऑस्ट्रॉम. गणिताची पूर्वतयारी नाही म्हणून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागात त्यांना पीएचडीचे दार उघडले नाही. त्यांनी राज्यशास्त्रातून संशोधन केले आणि विषय घेतला लॉस एंजेलिसजवळच्या भूजलाचा. तिथे प्रत्येक जण जमेल तेवढे उपसत होता, पातळी खाली जात होती आणि समुद्राचे खारे पाणी आत शिरत होते. उपसा करणाऱ्यांनीच न्यायालयाच्या आधाराने एकमेकांच्या वाट्याला मर्यादा घातल्या आणि पुनर्भरणाची व्यवस्था लावली. १९६५ मध्ये पूर्ण झालेल्या या प्रबंधातून सुरू झालेली वाट २००९ मध्ये अर्थशास्त्राच्या नोबेलपर्यंत गेली. हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. बोअरवेलवर बोअरवेल मारणाऱ्या आपल्या शहराला हा विषय परका नाही.

आणि शहरी टंचाई मोजण्याची रीत? तीही शेजारच्या काठमांडूत वापरून झाली आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुभ्रेंदू पटनायक आणि सहकाऱ्यांनी घरोघरी विचारले : पाणी आणायला किती वेळ जातो, साठवायला टाकी किती रुपयांची, मोटर किती, उकळायला-गाळायला किती, विकत घ्यायला किती? बेरीज केल्यावर दिसले, की बेभरवशाच्या नळामुळे कुटुंबांवर पडणारा हा छुपा खर्च महिन्याच्या पाणीबिलाच्या जवळजवळ दुप्पट आहे. अशी प्रश्नावली घेऊन मुकुंदवाडीत, गुंठेवारीच्या वसाहतींत आणि सिडकोच्या बंगल्यांत फिरायला उपग्रह लागत नाही. लागतो तो प्रशिक्षित संशोधक, ज्याला उत्तर देणाऱ्या बाईची भाषा कळते आणि नंतर संख्याशास्त्रही येते.

इथे एक भीती बोलून दाखवली जाते : पाण्याला भाव लावला, की पाणी विकायला निघाले म्हणून समजा. या शहराला ती भीती अनुभवातून आली आहे. जायकवाडीपासूनच्या समांतर जलवाहिनीसाठी शहराचा पाणीपुरवठा खासगी कंपनीकडे सोपवला गेला आणि २०१६ मध्ये महापालिकेने तो करार रद्द केला. पण न मोजल्याने गरिबाचे पाणी स्वस्त झाले नाही. टँकरचा भाव कोणत्याही सभागृहाने ठरवला नव्हता, तरी तो सर्वात रिकाम्या खिशातून गेला. अर्थशास्त्रज्ञाने काढलेल्या किमतीवरून पाणीपट्टी वाढवता येते, तशीच नळ नसलेल्या वस्तीला आधी जोडणी देण्याची मागणीही पुराव्यानिशी करता येते. आकडे नसतील तर दुसरी मागणी कमजोर पडते.

मग मुले या शाखेकडे का वळत नाहीत? कारण वाट लांब आहे. एमए, नेट किंवा सेट, मग पीएचडीची पाच-सहा वर्षे. ज्याला जेआरएफ ही संशोधन अधिछात्रवृत्ती मिळते त्याला २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांचाही आधार आहे. त्यानंतर मात्र अनेकांच्या वाट्याला तासिका तत्त्वावरची नोकरी येते. तासांवर मिळणाऱ्या पैशांत घर चालवायचे, की उन्हाळ्यात वस्त्यांमधून सर्वेक्षण करायचे? जागा कधी भरतील याचा भरवसा नसताना पाच वर्षे एका खोऱ्याचा पाठपुरावा करा, असे कोणत्या तोंडाने सांगायचे? शिवाय या विषयाचे भक्कम शिक्षण मिळते ते मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेत, दिल्लीत, चेन्नईत. तिथे गेलेला विद्यार्थी मराठवाड्यात परत यावा, असे इथे त्याच्यासाठी काय ठेवले आहे?

ठेवण्यासारखे पुष्कळ आहे. इथल्या विद्यापीठाला ज्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे, ते स्वतः अर्थशास्त्रज्ञ होते आणि १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्यांच्याकडे असलेल्या खात्यात देशाच्या जलधोरणाची पायाभरणी झाली. शहराच्या नैऋत्येला कांचनवाडीत १९८० पासून वाल्मी ही जल व भूमी व्यवस्थापनाची संस्था आहे. तिथे सिंचनाचे तज्ज्ञ, विद्यापीठात अर्थशास्त्राचा विभाग, उंबऱ्याशी नाथसागर. विद्यापीठ आणि वाल्मी या दोघांनी मिळून जलअर्थशास्त्राची दोन-तीन कायम पदे आणि दरवर्षी चार संशोधकांना पुरेशी अधिछात्रवृत्ती द्यावी. खर्च शहराच्या पाणी योजनेशेजारी ठेवून पाहावा : २०२० मध्ये १,६८० कोटींची म्हणून भूमिपूजन झालेली ती योजना पुढे २,७४० कोटींवर गेली.

पहिला विषयही ठरलेला आहे. नव्या योजनेचे पाणी सर्व वसाहतींना एका दिवशी मिळणार नाही. जलवाहिन्यांचे जाळे टप्प्याटप्प्याने पोहोचते. आधी मिळालेली वस्ती आणि अजून वाट पाहणारी वस्ती यांची तुलना करून मुलांची शाळेतली हजेरी, बायकांचा कामाचा वेळ, टँकरवरचा खर्च आणि पोटाचे आजार किती बदलले हे दाखवता येईल. ही संधी शेवटचा नळ जोडला जाईपर्यंतच आहे. म्हणून पाणी न पोहोचलेल्या वसाहतींतली पहिली घरोघरची नोंद येत्या उन्हाळ्याआधी व्हायला हवी, आणि विद्यापीठाने त्यासाठीची जाहिरात याच सत्रात काढावी.