साडेपाच लाखांची सायकल घेतली, पण कुठल्या खिशातून?



मागच्या ऑक्टोबरमध्ये मी चॅनलवर एक छोटा व्हिडिओ टाकला होता. त्र्यंबक रोड, मागे अंजनेरीचा डोंगर, पुढे माझी नवी टायटॅनियमची सायकल आणि खाली ओळ, 'मेहनतीचं फळ'. खूप जणांनी अभिनंदन केलं, मलाही बरं वाटलं. आज स्पष्ट सांगतो, तो व्हिडिओ तसा टाकायला नको होता.

कारण सांगतो. आपल्याच एका बॅचमधल्या मुलाने मोबाइल अॅक्सेसरीजचं दुकान टाकलं होतं. दिवाळीत धंदा चांगला झाला, गल्ला भरला. त्याने त्यातून मोटारसायकलचं डाउन पेमेंट भरलं, बाकीचा हप्ता बांधून घेतला. जानेवारीत माल भरायला पैसे नव्हते. माल नाही म्हणून गिऱ्हाईक नाही, गिऱ्हाईक नाही म्हणून भाडं थकलं. मार्चमध्ये शटर खाली. मी भेटायला गेलो तेव्हा तो चिडला नाही, फक्त म्हणाला, "सर, तुम्ही पण तर सायकल घेतलीत ना."

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मी व्हिडिओत दिलंच नव्हतं. सायकल दाखवली, हिशोब दाखवला नाही. म्हणून आज हिशोब.

आधी, ही सायकल एवढी महाग का?

टायटॅनियम स्टीलपेक्षा बरंच हलकं असतं. एक घनसेंटिमीटर स्टीलचं वजन साधारण ७.८ ग्रॅम, टायटॅनियमचं ४.५ ग्रॅम. ते गंजत नाही, म्हणून रंगसुद्धा द्यावा लागत नाही. सायकलच्या फ्रेमला बहुतेक ३ टक्के अॅल्युमिनियम आणि २.५ टक्के व्हॅनेडियम मिसळलेलं टायटॅनियम वापरतात. याच मिश्रधातूच्या नळ्या विमानाच्या हायड्रॉलिक लाइनमध्ये असतात.

खरा खर्च आहे तो कामाचा. तापलेल्या टायटॅनियमला हवा लागली की जोड ठिसूळ होतो. म्हणून वेल्डिंग करताना बाहेरून आणि नळीच्या आतूनही आर्गन वायू सोडावा लागतो. कापायला, भोक पाडायला वेळ लागतो, हत्यारं लवकर झिजतात. हे घाईचं काम नाही आणि ते करणारा कारागीर स्वस्तात मिळत नाही.

त्यात माझी फ्रेम मापाची. माझे पाय लांब, धड आखूड. तयार साइजच्या सायकलवर सीट बरोबर लावली की हँडल लांब जायचं आणि ४० किलोमीटरनंतर मान धरायची. मापं घेतली, अमेरिकेतल्या एका छोट्या कारखान्याला पाठवली, त्यांनी ड्रॉइंग पाठवलं. फ्रेम, बाकीचं सामान, कस्टम ड्युटी, सगळं धरून ५ लाख ४० हजार गेले. ऑर्डर दिल्यापासून पाच महिने थांबलो.

आता वेगाचं बोलू. घरापासून त्र्यंबकेश्वर साधारण ३० किलोमीटर. जुन्या अॅल्युमिनियमच्या सायकलवर जेवढा वेळ लागायचा त्यापेक्षा दोन-तीन मिनिटं कमी लागतात, तेही वारा पाठीशी असेल तर. कार्बनची सायकल याहून हलकी मिळते. चढावर पायच मारावे लागतात, तिथे धातू मदतीला येत नाही. मला मिळालं ते एवढंच की खराब रस्त्यावर हाताला कमी झणझण होते आणि मान दुखत नाही. मला ते पुरेसं आहे. पण यातून कमाई वाढत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. ही गुंतवणूक नाही, हा शौक आहे. कोणी ट्रेनर तुम्हाला म्हणाला की महागडी वस्तू घेतल्याने 'माइंडसेट' मोठा होतो, तर त्याला विचारा, हप्ता कोण भरतंय?

पैसा आला कुठून?

माझं पडद्यांचं आणि सोफा कव्हरचं दुकान आहे. वडील शिलाईकाम करायचे, ॲटलस सायकलच्या कॅरिअरवर कापडाचे तागे बांधून घरोघरी जायचे. बीबीए करून मी दुकान हातात घेतलं तेव्हा पहिली दोन वर्षं मीही सगळ्यांसारखंच केलं. गल्ल्यातून दूध, गल्ल्यातून पेट्रोल, गल्ल्यातून बहिणीच्या लग्नाची साडी. वर्षाच्या शेवटी सीए म्हणाले नफा आहे, आणि बँकेत बघितलं तर काहीच नाही.

मग मी स्वतःला पगार लावला. ठरलेली रक्कम, महिन्याच्या ५ तारखेला, दुकानाच्या खात्यातून माझ्या खात्यात. त्यानंतर गल्ल्याला हात नाही. त्या पगारातून घरखर्च, पोरीची फी, विमा, आणि उरलेल्यातून महिन्याला ८ हजारांची रिकरिंग. पाच वर्षं, साठ हप्ते. व्याज धरून साधारण ५ लाख ६० हजार हातात आले, त्यानंतरच ऑर्डर दिली.

तिसऱ्या वर्षी मी घसरणारच होतो. एका हॉटेलच्या चाळीस खोल्यांच्या पडद्यांची ऑर्डर आली आणि ३ लाख अॅडव्हान्स एकदम खात्यात जमा झाला. त्या रात्री मी सायकलच्या वेबसाइटवर रंगीत नटबोल्टसुद्धा निवडून ठेवले होते. मनात हिशोब असा की अॅडव्हान्स आणि रिकरिंग मोडून मिळतील ते पैसे मिळून सायकल येईल, आणि हॉटेलची बाकी आली की भोक बुजेल. बायको म्हणाली, "कापड कशाने आणणार?" एवढं एकच वाक्य.

पुढे झालं काय? पडदे लावून झाले, पण बाकीचं पेमेंट तीन महिने उशिरा आलं. तो अॅडव्हान्स खर्च केला असता तर कापडवाल्याची उधारी आणि दोन कारागिरांचा पगार मी भरू शकलो नसतो. त्यातले एक कारागीर वडिलांच्या वेळेपासून आहेत. त्यांच्यापुढे नव्या सायकलवर बसून मी काय तोंड दाखवलं असतं?

अॅडव्हान्स तुमचा नसतो. माल देऊन बिल होईपर्यंत तो गिऱ्हाइकाचा पैसा आहे आणि तुमच्याकडे सांभाळायला दिलेला आहे. आपल्याकडे निम्मे धंदे गिऱ्हाईक नाही म्हणून बसत नाहीत, अॅडव्हान्सला कमाई समजल्यामुळे बसतात, असं माझं बारा वर्षांचं निरीक्षण आहे.

आणि सायकलवाल्यांकडून काय शिकलो

शौक असला तरी धंद्याचे डोळे बंद होत नाहीत. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या चट्टानूगा इथे लिन्स्की कुटुंबाचं मशीन शॉप होतं. तिथे १९८६ मध्ये पहिली लाइटस्पीड फ्रेम तयार झाली. चालू धंद्याच्या आधारावर नवा धंदा उभा राहिला. १९९९ मध्ये त्यांनी लाइटस्पीड विकली आणि २००६ मध्ये त्याच गावात, स्वतःच्या आडनावाने पुन्हा टायटॅनियमच्या सायकली सुरू केल्या. ब्रँड विकला गेला, हातातलं काम गेलं नाही.

मॅसॅच्युसेट्समधली सेव्हन सायकल्स १९९७ मध्ये सुरू झाली, तीही ऑर्डर आल्यावरच फ्रेम बनवते. विचार करा, तयार मालाचा स्टॉक पडून राहायचा प्रश्नच नाही. मोठ्या कारखान्याशी रेटमध्ये लढायचं नाही, मापात लढायचं. आपल्या शिंपी, सुतार, केकवाल्या ताई, ब्लाउज शिवणाऱ्या मावशी, सगळ्यांना हे लागू होतं.

मला सगळ्यात कामाची गोष्ट सापडली ती ड्रॉइंगमध्ये. माझी फ्रेम बनवणाऱ्यांनी प्रत्येक नळीची लांबी आणि प्रत्येक कोन कागदावर पाठवला आणि सांगितलं, सही येईपर्यंत नळी कापणार नाही. एकदा वेल्ड झालं की मागे फिरता येत नाही. मी दुकानात काय करत होतो? माप वहीत, रंग तोंडी, आणि पडदा लावल्यावर वहिनी म्हणायच्या, "भाऊ, हा मरून नाही, हा तर चॉकलेटी." दर महिन्याला दोन-तीन पडदे पुन्हा शिवावे लागायचे आणि तो तोटा मी 'धंद्यात चालायचंच' म्हणून सोडून द्यायचो.

आता आमच्याकडे एक साधा कागद आहे. खिडकीचं चित्र, मापं, कापडाचा तुकडा पिन केलेला, तारीख, खाली गिऱ्हाइकाची सही. सही झाल्याशिवाय कात्री लागत नाही. सुरुवातीला दोन-चार जण रागावले. पण पुन्हा शिवायचं काम जवळपास थांबलं.

मग शौक करायचे की नाही?

करायचे. आपलं नाशिक सायकलवाल्यांचं गाव आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या इथल्या भावांनी २०१५ मध्ये जोडीने रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली, तेव्हापासून पहाटे रस्त्यावर हेल्मेट वाढलेली मी स्वतः बघतोय. धंदा करणाऱ्या माणसाने फक्त राबावं असं मी कधीच म्हणणार नाही. सकाळचे दीड तास सायकलवर गेले की दिवसभर मी गिऱ्हाइकावर खेकसत नाही.

पण माझं मत पक्कं आहे. शौक पगारातून करायचा, गल्ल्यातून नाही. पगार ठरवलेला नसेल तर तुम्हाला अजून शौकच परवडत नाही, मग तो पाच लाखांचा असो की पाच हजारांचा. आणि आम्हा ट्रेनर लोकांनी गाडी, घड्याळ, सायकल दाखवायची असेल तर शेजारी पासबुकही दाखवावं. नसेल दाखवायचं तर वस्तूही दाखवू नये.

तो ऑक्टोबरचा व्हिडिओ मी काढून टाकलेला नाही. त्याच्या खाली या लेखाची लिंक लावतोय. तो मुलगा सध्या दुसऱ्याच्या दुकानात काउंटर सांभाळतो, मोटारसायकल विकून टाकली. पुढच्या बॅचला ये म्हणून मी त्याला फोन केला होता. म्हणाला, "येतो, पण सर, या वेळी पहिल्या दिवशी पगाराचं शिकवा." बरोबर आहे त्याचं. पुढच्या बॅचचा पहिला दिवस तोच.

तुम्ही तोपर्यंत एक काम करा. आज दुकान बंद केल्यावर वही उघडा आणि या महिन्यात गल्ल्यातून घरी किती गेलं ते लिहून काढा. आकडा बघून झोप उडेल कदाचित. माझी उडाली होती.