हराळीचे गुत्ते

परक्या भाषेतला शब्द आपल्याकडे वस्तीला आला म्हणजे त्याची जी गत होते, ती पाहण्यात मोठी मौज असते. 'लॉन' हाच शब्द घ्या. लातूरहून कोणत्याही रस्त्याने बाहेर पडा. गाव संपते न संपते तोच एक भली मोठी कमान लागते आणि तिच्यावर 'मंगल कार्यालय व लॉन्स' अशी ठसठशीत अक्षरे असतात. जागा एकच, पण शब्द मात्र अनेकवचनी! "लग्न कुठं आहे?" म्हणून विचारावे, तर "लॉन्सवर" असे उत्तर मिळते. त्या लॉन्सवर गवत असलेच पाहिजे असा कुणाचाही आग्रह नसतो. परवा अशाच एका लॉन्सवर माझ्या पायाखाली हिरवागार गालिचा होता. भर उन्हात चप्पल काढून त्यावर पाऊल ठेवले आणि तव्यावर ठेवावे तसे झाले. तो प्लास्टिकचा होता.

शब्दाच्या मुळाशी जायची खोड मास्तरांना असतेच. इंग्रजांनी हा शब्द जुन्या फ्रेंचातून उचलला आणि मुळात त्याचा अर्थ होता रानातली मोकळी जागा, पडीक माळ. म्हणजे जळकोटच्या चहूबाजूंना जे देवाने फुकट दिले आहे, नेमके तेच! (जळकोट म्हणजे आमचे, लातूर जिल्ह्यातले. नळदुर्गाजवळही एक जळकोट आहे आणि आमची काही पत्रे तिकडची हवा खाऊन येतात.) या माळाचा गालिचा कसा झाला, तर १८३० साली एडविन बडिंग नावाच्या इंग्रज कारागिराने गवत कापण्याचे यंत्र काढले म्हणून. लोकरी कापडावरची लव कातरणारे यंत्र त्याने गिरणीत पाहिले होते; तीच युक्ती त्याने जमिनीला लावली. त्याआधी असे कातरलेले गवत ज्याच्या पदरी विळेवाले गडी किंवा मेंढरांचे कळप असतील त्यालाच परवडे. यंत्र आले आणि साध्या घरापुढेही हिरवळ आली. मात्र तिथे एक गडी बिनपगारी राबत होता, तो म्हणजे पाऊस. बाराही महिने थोडा थोडा पडणारा. यंत्र आपल्याकडे आले, शब्द आला. तो गडी तेवढा आला नाही.

हे सगळे आठवायचे कारण म्हणजे आमच्या घरापुढची हजार चौरस फूट मोकळी जागा. आमच्या सौ.चे म्हणणे, घर बांधून तीन वर्षे झाली तरी आपण धुळीतच राहतो. ते काही खोटे नव्हे. उन्हाळ्यात वावटळ सुटली की दिवाणखान्यातल्या पुस्तकांवर बोटाने धडा लिहावा एवढी धूळ बसते. शिवाय आईला पहाटे अनवाणी चार पावले टाकायची असतात आणि मुरमावर ती टाकता येत नाहीत. "लॉन करून घेऊ," असे एके दिवशी जाहीर झाले, आणि आठवड्याभरात हिरवळ करून देणाऱ्या दोन कंपन्यांची माणसे आमच्या ओट्यावर येऊन गेली.

पहिली कंपनी मोठ्या शहरातली. तिचा माणूस इस्त्रीच्या कपड्यांत आला आणि त्याने पाटीएवढ्या पडद्यावर आमच्याच घराचे चित्र काढून दाखवले. त्यात घरापुढे हिरवळ, हिरवळीवर कारंजे आणि कारंज्यापाशी एक गोरी मुलगी चेंडू खेळत होती. त्याने जागा मोजली, चौरस फुटाचा भाव सांगितला, बारमाही हिरवेगार राहील अशी हमी दिली आणि चहा घेऊन तो गेला. पाऊण तासाच्या बोलण्यात त्याने एक शब्द उच्चारला नाही, तो म्हणजे पाणी.

दुसरी कंपनी म्हणजे जवळच्याच खेड्यातला एक तरुण, त्याचे दोन सोबती, एक जुना टेम्पो आणि एक कापायचे यंत्र. पुण्याच्या सोसायट्यांतून सात वर्षे बागकाम करून तो गावी परतला आहे. टेम्पोवर 'गार्डन डेव्हलपर्स' असे रंगवून घेतले आहे, म्हणून कंपनी म्हणायची. तो फाटकातून आत आला, टाचेने जमीन उकरून पाहिली आणि म्हणाला, "सर, भाव मागून बोलू. बोअरला मे महिन्यात पाणी किती राहतंय, ते सांगा."

माझ्या मते निम्मे काम त्या प्रश्नातच झाले. वाचकांपैकी कुणी घरापुढे हिरवळ करण्याच्या विचारात असेल, तर कंपनी पारखायची हीच कसोटी लावावी. जो आधी पाण्याचे विचारतो त्याला बसायला खुर्ची द्यावी.

कारण हिशेब अगदी सोपा आहे. हजार चौरस फूट म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. त्यावर रोज पाच मिलिमीटरचा थर बसेल एवढे पाणी द्यायचे म्हटले तर ४६५ लिटर झाले. आमच्या एप्रिल-मेच्या उन्हात तेवढ्याने भागेलच असे नाही. आता सरकारच्या जलजीवन योजनेने खेड्यातल्या माणसाला रोजचे ५५ लिटर पाणी ठरवले आहे. म्हणजे आमच्या दारातले गवत आठ माणसांचे पाणी पिणार! पाच हजार लिटरचा टँकर त्याला अकरा दिवस पुरता पुरणार नाही.

दुसऱ्या जिल्ह्यात हा हिशेब कदाचित कोरडा वाटेल, पण लातूर जिल्ह्यात तो अंगावर येतो. २०१६ च्या मार्चमध्ये लातूर शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. एप्रिलच्या १२ तारखेला पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी आली. दहा वाघिणी, प्रत्येकीत ५०,००० लिटर. साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपासचा प्रवास करून आलेले ते पाणी पाहायला माणसे गोळा झाली होती. त्यातली एक वाघीण म्हणजे आमच्या नियोजित हिरवळीचे साडेतीन महिने. दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिलला, मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे ३० एप्रिलनंतरचे क्रिकेटचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यावेत असा आदेश दिला. मैदानाच्या गवताला लागणाऱ्या पाण्यावरूनच ते प्रकरण कोर्टात गेले होते. तेव्हा पुष्कळ क्रिकेटप्रेमी चिडले. सामने हलवल्याने लातूरच्या नळाला पाणी थोडेच येणार, असे ते म्हणत. तसे पाहिले तर खरेच होते ते. पण शेजाऱ्याच्या घरी चूल पेटली नसताना आपण ओट्यावर पंगत मांडू नये, एवढी रीत तरी त्या आदेशाने राखली, असे मला वाटते.

मग हिरवळ करूच नये की काय? तसे मी म्हणणार नाही. आईच्या पायांनाही काही हक्क आहे, आणि त्या टेम्पोवाल्या तरुणालाही. पुण्याहून शिकून आलेली विद्या त्याने आपल्या गावात विकायची नाही, तर मग कुठे? त्यानेच तोड काढली. "हजार फूट करू नका सर. आजी चालतात तेवढं, दोनशे फूट करू. बाकीला मुरूम दाबून देतो. पश्चिमेला कडुलिंब अन् पारिजातक लावू, म्हणजे ऊन अडंल." दोनशे फूट म्हणजे पाण्याचा पाचवा हिस्सा, नव्वद-पंचाण्णव लिटर. तेवढे घरात जपून वापरले तर निघते. हजाराचे गिऱ्हाईक स्वतः होऊन दोनशेवर आणणारा व्यापारी मी तरी दुसरा पाहिला नाही.

"गवत कोणतं लावणार?" सौ.नी विचारले. तिच्या डोळ्यांपुढे ते कारंजाचे चित्र अजून असावे. "बर्म्युडा," तो म्हणाला. नाव ऐकून घरात थोडा आदर पसरला.

ते बर्म्युडा ज्या दिवशी लागले तो दिवस माझ्या लक्षात राहिला आहे. मृग होऊन गेला होता, जमीन खोदून, शेणखत आणि वाळू मिसळून तयार होती. तरुणाबरोबर त्याच्या गावची एक मावशी कामाला आली होती. साठीच्या पुढची, जन्म खुरपणीत गेलेला. पोत्यातून गवताच्या जुड्या बाहेर निघाल्या. तिने एक हातात घेतली, पेरे पाहिले, मुळी पाहिली आणि ती हसायलाच लागली. "अगं बया! ही तर हराळी हाय की! हिला उपटू उपटू आमची नखं गेली. आन् तुम्ही पैशे देऊन लावायलाव?"

मावशीचे वनस्पतिशास्त्र बिनचूक होते. बर्म्युडा गवत म्हणजे आपली हरळी, आमच्याकडची हराळी, आणि देवघरात गेली की तीच दूर्वा. काळ्या रानात ती शिरली की शेतकऱ्याच्या तोंडचे पाणी पळते. उन्हाळ्यात खोल नांगरट करायची, मागून बायकांनी एकेक मुळी वेचायची. पेर राहिले की पावसाळ्यात पुन्हा उभी. हराळी खणून देण्याची गुत्ती पूर्वी आमच्या भागात दिली जात. पुण्यामुंबईकडे ज्याला ठेका म्हणतात, त्याला मराठवाड्यात गुत्ते म्हणतात आणि ठेकेदाराला गुत्तेदार. त्या तरुणाचा बाप असल्या गुत्त्यांवर जात असे, हे मावशीनेच सांगितले. बापाने खणण्याचे गुत्ते घेतले, मुलाने लावण्याचे घेतले. तरुण काही बोलला नाही; खाली मान घालून चार-चार बोटांवर जुड्या रोवत राहिला. लग्न ठरवताना मुलीकडचे विचारतात मुलगा काय करतो, आणि 'गवत लावतो' म्हटले की स्थळ परत जाते, हे त्याने मला पुढे एकदा चहा पिता पिता सांगितले. शेती आहे चार एकर, तीही कोरडवाहू. टेम्पोवरचे 'डेव्हलपर्स' कुणासाठी रंगवले आहे, ते मला तेव्हा कळले.

लावणी झाली की काम संपले असे लोक समजतात. खरे गुत्ते तिथून सुरू होते. देखभालीच्या वार्षिक कराराचा कागद त्याने आणला तेव्हा मला आमच्याकडच्या सालगड्याची आठवण झाली. सालगड्याचे साल गुढीपाडव्याला ठरते. रोख किती, धान्य किती, कपडे, चप्पल, सगळे बोलून घ्यायचे. कागद बहुधा नसतोच. या कागदावर मात्र महिन्यातून दोन फेऱ्या, कापणी, खुरपणी, खत असे सगळे होते. वाचकांनीही असा कागद जरूर करावा आणि त्यात दोन-तीन गोष्टी पक्क्या लिहून घ्याव्यात. भरावाची माती कुठली, ते विचारावे. कुठल्या तरी ओढ्याकाठची माती आली तर तिच्याबरोबर लव्हाळ्याच्या गाठी येतात, आणि एकदा त्या रुजल्या की पुढची पाच वर्षे तुमचे गुत्ते लव्हाळाच चालवतो. आमच्याकडची काळी माती नुसती वापरली तर पावसाळ्यात चिखल धरते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. वाळू-मुरूम मिसळल्याशिवाय गत्यंतर नाही. उतार घराकडून बाहेर हवा. कापणी एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त नको. अगदी बुडाशी भादरले की चार दिवस नीटस दिसते आणि मग पिवळे पडते. पाणी सकाळी द्यावे. रात्रभर ओले राहिलेल्या गवताला बुरशी धरते. आणि पैशाचा शेवटचा हप्ता दोन कापण्या झाल्यावर द्यावा. हे शेवटचे कलम त्या तरुणानेच आपणहून घातले, तेव्हा गुत्तेदारांनी माझ्यावर रागावू नये.

आणखी एका कलमावरून मात्र आमच्या घरात दोन दिवस चर्चा चालली. त्याने लिहिले होते : 'मे महिन्यात पाणी कमी पडल्यास गवत पिवळे पडेल. ते मेले असे समजू नये.' सौ.चे म्हणणे, पैसे मोजायचे ते पिवळ्या गवतासाठी का? पाहुणे येतात ते सुट्टीत, म्हणजे मे महिन्यातच. मी पुस्तकी बाजू मांडली : हराळी कोरड पडली की जमिनीखाली दडी मारते आणि पावसाचे चार थेंब पडले की पुन्हा फुटते, म्हणून तर मावशीची नखे गेली. त्याचा फारसा उपयोग झाला नाही. शेवटी आईने निकाल दिला. ती म्हणाली, "मे महिन्यात आपलं रान कधी हिरवं होतं का? मग अंगणच कशाला?" कलम राहिले. पाहुण्यांची सोय म्हणून तुळशीवृंदावनाभोवती चार बोगनवेली लावायच्या ठरल्या. त्या बिचाऱ्या उन्हातच फुलतात.

आता हिरवळ छान धरली आहे. आई पहाटे तिच्यावर फेऱ्या घालते, आणि धूळ काही थोडी कमी झाली आहे. थोडीच, कारण उरलेले आठशे फूट आणि समोरचा सगळा माळ जागच्या जागी आहे. गणपतीच्या आधी आठवडाभर त्या तरुणाचा फोन आला होता. "सर, या फेरीला कापत नाही. आळीतल्या बाया दूर्वाला येतील, वाढू द्या जरा. फवारणी बी केली नाही, देवाला चालतंय." आल्याही. चतुर्थीच्या सकाळी सात-आठ जणी आमच्या बर्म्युडावर ओळीने बसून तीन-तीन पानांच्या दूर्वा खुडत होत्या, आणि सौ. त्यांना चहा देत होती. महिनाअखेर बिल आले, त्यात एका फेरीचे पैसे वजा केलेले होते.