ग्रँड ज्युरीचं समन्स "टाळायचं कसं?" असं विचारणाऱ्यांना

परवा एडिसनमध्ये एका घरी सत्यनारायणाला गेले होते. प्रसाद घेऊन टेकतोय तोच एका काकांनी विषय काढला. "मिडलसेक्स काउंटीचं ग्रँड ज्युरीचं समन्स आलंय, यातून सुटायचं कसं?" पाच मिनिटांत उपायांचा ढीग पडला. डॉक्टरची चिठ्ठी घ्या, इंडियाचं तिकीट काढा. एकाने तर सांगितलं, "इंग्रजी नीट कळत नाही असं लिहून टाका." काका वीस वर्षं इथे आयटीत मॅनेजर आहेत! सगळे हसले, मीही हसले. गाडीत बसल्यावर मात्र स्वतःचाच राग आला, म्हणून ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

त्याच गप्पांत एक ज्ञानी गृहस्थ म्हणाले, "अहो, ती नुसती फॉर्मॅलिटी. कॅलिफोर्नियात तर ग्रँड ज्युरी लागतच नाही."

लागत नाही हे खरं. पण का लागत नाही, ते ऐका. फेडरल घटनेच्या पाचव्या दुरुस्तीप्रमाणे गंभीर गुन्ह्याचा खटला चालवायला ग्रँड ज्युरीचं इन्डाइटमेंट लागतं. पण ते फेडरल कोर्टापुरतं. सॅक्रामेंटोच्या जोसेफ हुर्ताडोवर ग्रँड ज्युरीशिवाय खुनाचा खटला चालला आणि फाशीची शिक्षा झाली. तो सुप्रीम कोर्टात गेला, आणि १८८४ मध्ये कोर्टाने सांगितलं की हे बंधन राज्यांवर नाही. न्यायमूर्ती हार्लन एकटे विरोधात होते. तेव्हापासून ज्याचं त्याचं राज्य, ज्याचा त्याचा नियम. फ्लोरिडात फाशीच्या गुन्ह्यालाच इन्डाइटमेंट सक्तीचं, मिनेसोटात जन्मठेपेच्या. न्यूयॉर्कमध्ये सगळ्या फेलनींना. कॅलिफोर्नियात बहुतेक वेळा सरकारी वकील स्वतः आरोप दाखल करतो. पण तिथे आधी जज्जसमोर उघड सुनावणी होते, आरोपीचा वकील साक्षीदाराला उलट प्रश्न विचारतो. म्हणजे चाळणी तिथेही आहे, फक्त वेगळी. ज्ञानी गृहस्थ हे सांगायचं विसरले.

आपल्या न्यू जर्सीत काय? १९४७ च्या राज्यघटनेत, पहिल्याच कलमात, ही सक्ती लिहिलेली आहे. इथे ज्याला "क्राइम" म्हणतात, म्हणजे फर्स्टपासून फोर्थ डिग्रीपर्यंत, त्या प्रत्येकाला इन्डाइटमेंट हवं. आरोपीने स्वतः हक्क सोडला तरच सुटका. त्याखालच्या डिसऑर्डर्ली पर्सन्स गुन्ह्याला ते लागत नाही. म्युनिसिपल कोर्टातला जज्ज एकटा निकाल देतो.

ही रेघ कुठे पडते ते बघा. दुकानातून उचललेल्या मालाची किंमत २०० डॉलरच्या आत असेल, तर म्युनिसिपल कोर्ट. बरोबर २०० झाले की फोर्थ डिग्री क्राइम, आणि प्रकरण तेवीस अनोळखी माणसांपुढे. सेल्फ चेकआउटला चार वस्तू स्कॅन व्हायच्या राहिल्या, की मुद्दाम ठेवल्या? आरोपपत्रावर हा फरक दिसत नाही. त्या खोलीत कुणीतरी विचारावं लागतं.

आणि त्या खोलीत असतं कोण? जज्ज नाही, आरोपीचा वकील नाही. सरकारी वकील, त्याचा साक्षीदार (बऱ्याचदा एखादा पोलीस) आणि तुम्ही. तेवीसपैकी बारा जणांनी हो म्हटलं की इन्डाइटमेंट. समोर एकच बाजू असते, त्यामुळे बहुतेक वेळा होच म्हटलं जातं, हे मी नाकारत नाही. न्यूयॉर्कचे चीफ जज्ज सोल वॉक्टलर १९८५ मध्ये म्हणाले होते की सरकारी वकील हॅम सँडविचलाही इन्डाइट करवून घेईल. (पुढे त्यांच्यावरच एका वेगळ्याच प्रकरणात इन्डाइटमेंट आलं. असो.)

पण मग फॉर्मॅलिटी केली कुणी? कायद्याने, की मान डोलावणाऱ्यांनी?

केंटकीचं उदाहरण घ्या. तिथेही सक्ती आहे. २०२० मध्ये लुईव्हिलला ब्रिओना टेलर स्वतःच्या घरात पोलिसांच्या गोळ्यांनी गेली. सप्टेंबरमध्ये ग्रँड ज्युरीने एकाच पोलिसावर आरोप ठेवला, तोही शेजारच्या घरात शिरलेल्या गोळ्यांबद्दल. तिच्या मृत्यूबद्दल कुणावरच नाही. अ‍ॅटर्नी जनरल कॅमेरॉन यांनी निर्णय ज्युरीचा म्हणून मांडला. तेव्हा एक ज्युरर, नाव गुप्त ठेवून, बोलायची परवानगी मागायला कोर्टात गेला. परवानगी मिळाल्यावर त्याने सांगितलं की मनुष्यवधाचं कलम आम्हाला समजावलंच नव्हतं. कॅमेरॉन यांनीही कबूल केलं की आपण शिफारस फक्त त्या एकाच आरोपाची केली होती. एका माणसाने तोंड उघडलं म्हणून हे बाहेर आलं.

आता मिझुरी. तिथे सक्तीच नाही. फर्ग्युसनच्या मायकेल ब्राउन प्रकरणात सरकारी वकिलाला स्वतः आरोप ठेवता आला असता, किंवा "ठेवणार नाही" असं स्वतःच्या नावाने सांगता आलं असतं. त्याने सगळे पुरावे ग्रँड ज्युरीपुढे ठेवले, कुठलाही आरोप सुचवला नाही, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये "ज्युरीचा निर्णय" जाहीर केला. निर्णय बरोबर की चूक, हा वाद वेगळा. पण सक्ती काढली म्हणून ग्रँड ज्युरी संपत नाही. ती कधी वापरायची हे सरकारी वकील ठरवतो, एवढंच होतं. मला ते नको आहे.

न्यू जर्सीत ज्युररला साक्षीदाराला प्रश्न विचारता येतात, कायदा पुन्हा समजावून मागता येतो. राज्याच्या सुप्रीम कोर्टाने १९९६ च्या होगन खटल्यात सांगितलंय की आरोपी निर्दोष असल्याचा स्पष्ट, थेट पुरावा हाताशी असेल, तर सरकारी वकिलाने तो ज्युरीपुढे ठेवायलाच हवा. फेडरल कोर्टात एवढंही बंधन नाही.

आता टोचणारी गोष्ट. ज्युरीत फक्त सिटिझनना बसता येतं. आपल्यातल्या एच-वनवाल्यांवर, ग्रीन कार्डवाल्यांवर आरोप होऊ शकतो, पण त्या खुर्चीत ते बसू शकत नाहीत. त्यांच्यातल्या कुणावर वेळ आली, तर एका इन्डाइटमेंटने नोकरी, व्हिसा, सगळं टांगणीला. जामिनाशिवाय आत ठेवलेल्या माणसाला इन्डाइट करायला कायदा ९० दिवस देतो, म्हणजे तेवढे दिवस तो आतच. तिथे प्रश्न विचारणारं आपलं माणूस कुठे असतं? इंग्रजी येत नाही असं लिहून घरी बसलेलं असतं.

आणि एक जुनी गोष्ट. आपल्या मुंबईतही एकेकाळी ग्रँड ज्युरी होती. १८२६ च्या कायद्याने तिथे ख्रिस्ती नसलेल्यांना बसायला मनाई होती. मुंबईच्या लोकांनी थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज केला, आणि १८३२ मध्ये ती अट गेली. त्यांनी ज्या खुर्चीसाठी अर्ज केले, ती इथे टपालाने घरी येते. आपण पाकीट फोडून विचारतो, "सुटायचं कसं?"

काकांना काल फोन केला. म्हणाले, "आठवड्यातला एक दिवस, तोही काही महिने. ऑफिसात काय सांगू?" म्हटलं, समन्सची कॉपी एचआरला पाठवा, ज्युरीला गेलात म्हणून इथे कुणी कामावरून काढू शकत नाही. फॉर्म अजून भरलेला नाही म्हणतात. शनिवारी त्यांच्याकडे जाणार आहे, बघू.