वारा कुणाच्या बापाचा?

दोस्तांनो, पवनचक्कीचं एकेक पातं आता साठ-साठ मीटरचं असतं. बहुतेक अख्खंच न्यावं लागतं. आम्ही करंजाचे, खाडीकाठचे. बंदराचा अवजड माल कसा जातो ते बघत आलोय. पात्यासाठी वळणं रुंद होतात, आडवी तार बांबूनं उचलून धरतात. वस्तीला रस्ता मागा, निधी नसतो!

वारा फुकट, पण पकडायला जमीन लागते. ज्याचा सातबारा त्याला भाडं. आपला सातबारा कुठाय? दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला, १९६४ ला भूमिहीनांचा सत्याग्रह केला, तरी कसलेलं गायरान पुष्कळांच्या नावावर अजून नाही. मग आपल्या वाट्याला काय? वॉचमनची काठी.

बीडच्या मस्साजोगला पवनऊर्जा कंपनीच्या आवारात ६ डिसेंबर २०२४ ला, ऐन महापरिनिर्वाणदिनी, दलित वॉचमनला मारहाण झाली. मधे पडलेले सरपंच संतोष देशमुख ९ तारखेला उचलून ठार मारले गेले. कारण खंडणी, दोन कोटींची, असं पोलीस म्हणतात. देशमुखांचं नाव महाराष्ट्राला पाठ झालं, व्हायलाच पाहिजे होतं. वॉचमनचं किती जणांना ठाऊक आहे?

विजेला आपला विरोध नाही. पण गायरानावर टॉवर रोवायचा तर कसणाऱ्याचं नाव आधी सातबाऱ्यावर चढवा, भाडं त्याच्या हातात द्या. तोवर ट्रेलर वेशीवर उभा राहू दे.