माठाच्या पाण्यावर माठाची भाजी

गेल्या उन्हाळ्यात एक विडी कामगार भगिनी माझ्या दवाखान्यात आली. वय अडतीस. जिना चढला की धाप, डोळ्यांपुढे अंधारी, तळवे पांढरेफटक. रक्त तपासले, हिमोग्लोबिन ७.८. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि सवयीने म्हणालो, "ताई, रोज पालेभाजी खात जा." ती म्हणाली, "डॉक्टर, उन्हाळ्यात पालेभाजीची जुडी घ्यायची का पोरांना दूध, तुम्हीच सांगा." मी गप्प बसलो. पंचवीस वर्षांत हा सल्ला मी हजारो वेळा दिला असेल, पण ती भाजी येणार कोठून, हा विचार कधी मनाला शिवला नव्हता.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. पाच वर्षांखालील बालकांत हे प्रमाण ६८ टक्क्यांच्या पुढे होते. नुसत्या पालेभाजीने रक्तक्षय बरा होतो, असे मी म्हणणार नाही. भाजीतले लोह शरीरात कमी शोषले जाते. गोळ्या घ्याव्याच लागतात. पण रक्त तयार व्हायला लागणारे फोलिक ॲसिड आणि डोळ्यांसाठी 'अ' जीवनसत्त्व पालेभाजी देते. तिच्यावर लिंबू पिळले तर लोहही बऱ्यापैकी अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेतला तर मात्र ते वाया जाते.

आता कोणी म्हणेल, सोलापूरसारख्या कोरड्या गावात भाजीचा मळा कसा करायचा? जिल्ह्याचा पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर. वर्षानुवर्षे नळाला तीन-चार दिवसांआड पाणी पाहिलेले हे शहर. शंका रास्त आहे. पण वाचकहो, नळ आला की आपण काय करतो ते आठवा. साठवलेले पाणी 'शिळे' म्हणून मोरीत ओततो आणि भांडी नव्याने भरतो! शिवाय डाळ-तांदूळ आणि भाजी धुतलेले पाणी रोज गटारात जाते. एका घरातून दिवसाला दोन बादल्या, म्हणजे तीस लिटर पाणी सहज वाचेल. भर उन्हाळ्यात वाफ्याला चौरस मीटरला सहा ते आठ लिटर पाणी लागते, म्हणजे एका घराच्या पाण्यावर चार चौरस मीटरचा वाफा जगतो. वीस घरे एकत्र आली तर ऐंशी चौरस मीटर. पाणी आहे, फक्त ते वीस मोऱ्यांतून वाहून जाते.

जागेचेही तेच. मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. त्या जागेवर एक तर काटेरी बाभळी माजतात, नाही तर टँकरच्या पाण्यावर हिरवळ पोसली जाते. जिथे बायकांच्या अंगात रक्त नाही तिथे शोभेच्या गवताला पाणी घालणे मला पटत नाही. त्या जागेचा एक कोपरा तरी भाजीला द्यावा, एवढेच माझे म्हणणे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ साली भाजीपाला पिकवायला सुरुवात केली, तीही स्वयंपाकघरातल्याच ओल्या कचऱ्यावर. गच्चीवर जमते ते काळ्या मातीत का जमू नये?

मात्र माझी फजितीही सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या कॉलनीत हौसेने आम्ही मार्च महिन्यात पालक आणि कोथिंबीर पेरली. एप्रिलच्या उन्हात सगळे करपले. पाणी साठवायला ठेवलेल्या उघड्या पिंपात डासांच्या अळ्या झाल्या, आणि शेजारच्या मुलाला डेंग्यू झाला. तो आमच्याच पिंपातून झाला असे सिद्ध करता येणार नाही, पण डॉक्टर म्हणवून घेणाऱ्या मला मान खाली घालावी लागली.

त्यातून शिकलो ते असे. उन्हाळ्यात उन्हाला टिकणारी भाजी लावावी : माठ, तांदुळजा, घोळ. माठ महिन्याभरात खुडायला येतो आणि खुडला की पुन्हा फुटतो. पावसाळ्यात अंबाडी, चवळी, गवार. कुंपणाला शेवगा आणि हादगा. शेवग्याच्या शेंगा आपण खातो, पण पाला फेकून देतो. पूर्वभागातील तेलुगूभाषक भगिनींना हे शिकवायला नको, अंबाडीला गोंगुरा आणि माठाला तोटकूरा म्हणून त्या पिढ्यान्‌पिढ्या हेच खात आल्या आहेत. वाफ्यावर उसाचे पाचट अंथरावे, दुपारच्या उन्हात जुन्या साडीची सावली करावी. खापराचा माठ गळ्यापर्यंत पुरून त्यात पाणी भरावे. ते मुळांशी झिरपत राहते, उन्हाने उडून जात नाही. माठाच्या पाण्यावर माठाची भाजी!

आता डॉक्टर म्हणून चार गोष्टी. नाल्याचे आणि गटाराचे पाणी भाजीला कदापि घालू नये. त्यातून जंत होतात, आणि फितीसारख्या कृमीची अंडी पोटात गेली तर पुढे मेंदूत गाठी होऊन फिट्स येतात. साबणाचे पाणी पालेभाजीला नको, जमीनही बिघडते. पिंपाला घट्ट झाकण हवे आणि आठवड्यातून एकदा ते घासून कोरडे करावे, कारण अळीचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. मातीत काम करताना पायात चप्पल असावी, नाही तर आकडीकृमी तळव्यातून शिरून रक्तच पितात. आणि मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी घोळ, पालक, माठ बेताने खावेत.

हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. एक घर गावाला गेले तर शेजाऱ्याने पाणी घालायचे, अशी पाळी लागते. म्हणून प्रत्येक कॉलनीच्या मंडळाने पावसाळ्याआधी एक बैठक घ्यावी, मोकळ्या जागेसाठी महापालिकेकडे रीतसर अर्ज करावा आणि आधी शेवग्याच्या दहा फांद्या लावाव्यात. जवळपास विडी कामगारांची वस्ती असेल तर तिथल्या बायकांना पहिल्या बैठकीलाच बोलवावे, मागाहून उरलेली भाजी देण्यासाठी नव्हे. त्या ताईंचा प्रश्न अजून माझ्यासमोर आहे. पुढच्या एप्रिलमध्ये 'पालेभाजी खा' म्हणताना ती कोठे मिळेल, हेही मला सांगता आले पाहिजे.